चाल सर्वांची, शब्द आपले

१

काही वर्षांपूर्वी मराठीच्या एका संशोधन समितीत मी सदस्य म्हणून बसलो होतो. समोर लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली विद्यार्थिनी होती. तिच्या वडिलांची गायन पार्टी होती. १४ एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत, आणि पुन्हा विजयादशमीच्या सुमारास, ते लातूर-नांदेडच्या गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम करीत. त्यांच्या माघारी सात वह्या उरल्या होत्या आणि त्यांचा अभ्यास तिला करायचा होता. वह्यांतल्या प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर लाल शाईने ‘चाल’ असा शब्द लिहिलेला आणि त्यापुढे कुठल्या तरी चित्रपटगीताचा, कव्वालीचा किंवा लोकगीताचा मुखडा. समितीतल्या ज्येष्ठ सदस्यांनी पहिली वही उघडली, चार पाने उलटली आणि विचारले, “चाल सिनेमाची आहे. मग यात यांचं स्वतःचं असं काय?”

मुलीने उत्तर दिले, “सर, शब्द.”

हे उत्तर कुणी ऐकले असावे असे वाटत नाही. विषय संगीताचा आहे, तिकडे न्यावा, असा सल्ला देऊन तिला पाठवण्यात आले. संगीताच्या मंडळींनीही तो परत केला. चाली यांनी बांधलेल्या नाहीत, तेव्हा आमच्या दृष्टीने यात अभ्यासण्यासारखे काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. म्हणजे साहित्यवाल्यांच्या लेखी ते संगीत आणि संगीतवाल्यांच्या लेखी ते काहीच नव्हे. दोन खात्यांच्या बांधावर त्या सात वह्या पडून राहिल्या. मुलीने पुढे एका प्रतिष्ठित कादंबरीकारावर प्रबंध लिहिला. त्या बैठकीत मी एका शब्दानेही बोललो नाही. जे तेव्हा बोलायला हवे होते, ते आज लिहीत आहे.

२

या प्रसंगाला वर्षही झाले नसेल, तेव्हा एका चर्चासत्रात जमैकाच्या डान्सहॉल संगीतावरचा निबंध ऐकण्याचा योग आला. निबंध चांगला होता. तिथल्या ‘रिडिम’ या संकल्पनेविषयी वक्ते तन्मयतेने बोलले आणि श्रोत्यांनी, ज्यांत आमच्या समितीतले काहीजण होते, माना डोलावल्या. रिडिम म्हणजे ढोल आणि बासवाद्याचा पायाभूत ठेका. निर्माता तो एकदा तयार करतो आणि पाच, दहा, कधी पन्नास गायकांना देतो. प्रत्येकजण त्यावर आपले शब्द आणि आपले गाणे चढवतो. रात्रीच्या नाचाच्या मैफलीत तबकड्या लावणारा त्याच ठेक्यावरची वेगवेगळी गाणी एकामागून एक वाजवतो. ठेका अखंड राहतो, आवाज बदलत जातात. श्रोता जणू एकाच अंगणात उभा राहून एकेका वक्त्याला पारखत असतो.

यातले एक उदाहरण आपल्याला गंमतीचे वाटावे. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन या जमैकन निर्मात्याने टाळ्यांच्या आवाजावर उभा केलेला एक ठेका २००२च्या सुमारास गाजला. त्याचे नाव ‘दिवाली’. त्याच ठेक्यावर शॉन पॉलचे ‘गेट बिझी’ २००३मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. वेन वंडर आणि लुमिडी यांची त्याच ठेक्यावरची गाणीही जगभर वाजली. शॉन पॉलने वेन वंडरची चोरी केली असे तिथे कुणी म्हटले नाही. त्याआधी १९८५मध्ये वेन स्मिथ आणि निर्माता किंग जॅमी यांनी ‘स्लेंग टेंग’ हा ठेका रूढ केला. त्यावर शेकडो गाणी झाली. त्याचा उगम कॅसिओ कंपनीच्या एका स्वस्त कीबोर्डात आयत्या भरलेल्या तालात होता आणि तो ताल ओकुदा हिरोको या तरुण जपानी संगीतकर्तीने रचला होता. म्हणजे जमैकाच्या संगीताला नवे वळण देणाऱ्या ठेक्याचा पायाच उसना होता. निबंधात या सगळ्याला ‘सामूहिक कर्तृत्व’, ‘लेखकत्वाच्या पाश्चात्त्य कल्पनेला दिलेले आव्हान’ असे म्हटले होते. सभागृहाला ते पटले.

मला त्या वेळी लाल शाईतला ‘चाल’ हा शब्द आठवत होता. किंग्स्टनमध्ये जे आव्हान ठरते, ते अहमदपूर-उदगीरच्या रस्त्यावर उसनवारी कसे ठरते? समुद्रापलीकडच्या गरीब वस्तीने एका ठेक्यावर शंभर गाणी रचली तर आपण तिचे सिद्धांतन करतो. आपल्या तालुक्यातल्या वस्तीने तेच केले की स्वतःचे काय, असे विचारतो. हा दुटप्पीपणा अज्ञानातून आलेला नाही. आपल्याच परंपरेत एका चालीवर अनेकांनी रचना करण्याची प्रथा किती जुनी आणि किती मानाची आहे, हे त्या समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

३

दूर जायला नको. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यापासूनच सुरुवात करू. गुरू गोविंदसिंगांनी १७०८मध्ये याच गावी ज्या ग्रंथाला गुरुपद दिले, त्या ग्रंथात बावीस ‘वार’ आहेत. वार हा मुळात पंजाबी वीरगाथेचा प्रकार, आपल्या पोवाड्याचा नातेवाईक. या बावीसांपैकी नऊ वारांच्या शिरोभागी त्या कुठल्या लौकिक वीरगाथेच्या ‘धुनी’वर गाव्यात याची सूचना आहे. ‘आसा दी वार’ पहाटेच्या कीर्तनात गातात. तिच्यावरही अशी सूचना आहे आणि ती असराज नावाच्या राजाच्या लोकगाथेची धून सांगते. विचार करा : ज्या ग्रंथापुढे लाखो माणसे माथा टेकतात, त्याच्या पानावर ‘चाल अमुक लोकगीताची’ असे लिहिलेले आहे. ते पुसून टाकावे असे कुणालाही वाटले नाही. उलट, ती सूचना ग्रंथाचाच भाग आहे. आणि या ग्रंथात आपल्या नरसीच्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, हेही इथे आठवावे.

नामदेवांचा विषय निघाला म्हणून अभंगाचे पाहू. ज्ञानोबा, नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकोबा या सर्वांचे अभंग वारकरी भजनात त्याच त्या ठरलेल्या चालींवर म्हटले जातात. छंद एक, म्हणून चाल एक. लातूर-नांदेडकडच्या लिंगायत घरांतून मन्मथस्वामींचे अभंग गातात. तोही छंद तोच आणि ती चालही पंथाची सीमा ओलांडून सहज बसते. चोखोबांनी चाल ज्ञानोबांची घेतली, मग त्यांचे स्वतःचे काय, हा प्रश्न आपण वर्गात कधी विचारला आहे काय? विचारणे शक्यच नाही, कारण उत्तर डोळ्यांसमोर असते. चाल तीच असून चोखोबा जे म्हणतात ते ज्ञानोबा म्हणत नाहीत, आणि त्या फरकातच चोखोबा आहेत.

हा आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे उर्दू शायरीचे संकेत इथल्या जुन्या पिढीला परके नव्हते. ‘तरही मुशायरा’ म्हणजे काय? आयोजक एक ओळ देतात. तिचे वृत्त, तिचा काफिया, तिची रदीफ हे सारे आधीच ठरते. या सामाईक साच्याला उर्दूत ‘जमीन’ म्हणतात. हा शब्द फार नेमका आहे. जमीन सर्वांना सारखी, पीक ज्याचे त्याचे. बोलावलेला प्रत्येक शायर त्याच जमिनीत गझल रचतो आणि कुणाची गझल सरस हे श्रोते तिथल्या तिथे ठरवतात. रिडिमचे यापेक्षा जवळचे भावंड मला तरी दिसत नाही.

आता ज्याला आपण मराठी अभिरुचीचे शिखर मानतो त्या संगीत रंगभूमीकडे या. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८०मध्ये आले. त्यातल्या पदांवर ‘चाल’ अशी सूचना छापलेली असे. साकी, दिंडी, लावणी, कानडी पदे, जिथून चाल मिळाली तिथून अण्णासाहेबांनी ती उचलली. १९१६च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी हिंदुस्थानी बंदिशींवरून चाली दिल्या आणि खाडिलकरांची पदे त्यांत बसवली गेली. याला आपण काय म्हणतो? अभिजात संगीत घराघरांत नेणारी थोर कामगिरी म्हणतो, आणि ते योग्यच आहे. मात्र मूळ बंदिश कुण्या उस्तादाची होती, तिचे शब्द ब्रजभाषेत होते, म्हणून खाडिलकरांचे स्वतःचे काय, असे विचारण्याची हिंमत कुणी केलेली नाही.

आणि वृत्ताचे काय? मोरोपंतांच्या आर्या आर्यावृत्तातल्या. ते वृत्त त्यांनी शोधले नाही. शतकानुशतके ते संस्कृत-प्राकृतात नांदत होते. माधव जूलियनांनी फारसी वृत्ते मराठीत आणून गझल लिहिली आणि ‘छंदोरचना’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो आपण आदराने शिकवतो. छंदशास्त्राचा पायाच हा आहे की साचा सर्वांचा असतो. वृत्त म्हणजे मुकी झालेली चाल आणि चाल म्हणजे बोलके वृत्त. पिंगळाने नाव दिले तर ते शास्त्र आणि लाल शाईत सिनेमाचे नाव आले तर ती चोरी, असा भेद कुठल्याही साहित्यशास्त्रात बसत नाही.

मग तो कशात बसतो? सरळ लिहिले पाहिजे : तो जातीत बसतो. किर्लोस्करांची उचल ही ‘परंपरेचे सर्जनशील उपयोजन’ आणि गायन पार्टीची उचल ही ‘उसनवारी’, या दोन शब्दांमधले अंतर सौंदर्यशास्त्राचे नाही. ते गावठाण आणि वस्ती यांच्यामधले अंतर आहे. एकेकाळी पाणवठ्यावर विचारला जाणारा प्रश्न आता समितीच्या टेबलावर विचारला जातो : हे तुमचे आहे का?

४

इथपर्यंत मी सादृश्ये दाखवली. पण सादृश्य म्हणजे युक्तिवाद नव्हे, आणि रिडिम व चाल यांत एक मोठा फरक आहे. माझे खरे म्हणणे त्या फरकावर उभे आहे.

रिडिममध्ये सामाईक असतो तो ठेका. त्याच्यावरची सुरावट गायकाला मोकळी असते. म्हणूनच शॉन पॉल आणि वेन वंडर यांची गाणी एका ठेक्यावर असून ऐकायला वेगळी वाटतात. चालीत हे स्वातंत्र्य नाही. ‘चाल अमुक’ असे लिहिले की ताल ठरला, सुरावट ठरली, कुठे थांबायचे, कुठे आवाज लांबवायचा, कडवे कुठे वळायचे, सगळे ठरले. कवीच्या हाती एकच गोष्ट उरली : शब्द. जमैकन गायक शब्दांत कमी पडला तर सुरावट त्याला सावरू शकते. भीमगीतकाराला सावरणारे कुणी नाही, कारण सुरावट श्रोत्याने आधीच हजारदा ऐकलेली आहे आणि तिच्या नावीन्याचे श्रेय त्याला मिळणारच नाही. त्याने जे काही जोडले ते शब्दांतच जोडलेले असते. म्हणून उसन्या चालीचे गाणे हे संगीत विभागाकडे ढकलण्याचे प्रकरण नव्हे. शुद्ध साहित्य कशाला म्हणायचे असेल तर ते यालाच म्हणता येईल, कारण इथे शब्दांखेरीज तपासायला दुसरे काही शिल्लकच नाही.

त्या सात वह्यांतले एक पान मी नंतर त्या मुलीकडून मागून घेऊन वाचले. चाल एका जुन्या चित्रपटातल्या प्रेमगीताची होती. मूळ गाण्यात ध्रुपदाच्या शेवटी प्रेयसीचे चार अक्षरी नाव येते आणि गायकाचा आवाज शेवटच्या अक्षरावर लांबत जातो. वहीत त्या जागी आधी ‘विहीर’ लिहून खोडले होते. का खोडले असेल? एक तर अक्षर कमी पडते. शिवाय शब्द ‘र’वर संपतो आणि त्या ‘र’वर आवाज लांबवता येत नाही. मग ‘तळे’ लिहिले होते. महाडच्या १९२७च्या सत्याग्रहाची आठवण त्यात थेट होती आणि ‘ळे’ लांबतोही. पण दोन अक्षरे रिकामी राहतात. तेही खोडले होते. शेवटी कायम केलेला शब्द : ‘पाणवठा’. चार अक्षरे, अखेरीस दीर्घ ‘ठा’. आणि अर्थाने पाहिले तर महाडच्या इतिहासाबरोबर गाणाऱ्याच्या स्वतःच्या गावचा पाणवठाही त्या शब्दात आला. ज्या जागी लाखो लोकांनी प्रेयसीचे नाव ऐकलेले आहे, त्या जागी आता पाणवठा आहे. श्रोत्याच्या मनात जुना शब्द येऊ लागतो, नवा त्याला बाजूला सारतो, आणि जी ओढ प्रेयसीसाठी होती ती नकळत पाण्याकडे वळते. ही अर्थनिर्मिती नव्या चालीत झालीच नसती. ती होण्यासाठी चाल उसनीच हवी होती.

तीन खोडलेल्या-ठेवलेल्या शब्दांवर मी एक तास शिकवू शकेन. एखाद्या मान्यवर कवीच्या हस्तलिखितात अशा खाडाखोडी सापडल्या असत्या तर आपण त्यांवर परिसंवाद भरवला असता.

५

चाल उसनी घेण्याची कारणेही समजून घेतली पाहिजेत. ज्यांना वाद्यवृंद परवडत नाही, ज्यांचे गाणे आकाशवाणीवर लागत नाही, ज्यांच्या श्रोत्यांपैकी अनेकांना वाचता येत नाही, त्यांचे शब्द लांब पोचायचे कसे? चाल आधीच दहा हजार गळ्यांत असेल तर शब्दांना वेगळे वाहन लागत नाही. कार्यक्रमात एकदा ऐकलेले गाणे श्रोता घरी जाताना म्हणू शकतो, कारण अर्धे त्याला आधीच पाठ असते. सत्यशोधक जलशांनी हे ओळखले होते. भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी ते पुढे नेले. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) याच वाटेने हयातभर गावोगाव फिरून हजारो गीते लोकांच्या तोंडी ठेवली.

मराठवाड्यात तर यामागे निकडही होती. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळे मारले गेले. सोळा वर्षे हा लढा चालला. १९९३च्या नोव्हेंबरात नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. अशा काळात गाणे उद्याच्या सभेला हवे असते. नवी सुरावट बांधायला आणि ती लोकांच्या गळ्यात उतरवायला महिने लागतात. शब्द मात्र रात्रीतून होऊ शकतात. ज्यांचा शोक आणि संताप दुसऱ्या दिवशीच्या सभेत पोचायचा असतो, त्यांनी मौलिक चालीची वाट पाहत बसावे, अशी अपेक्षा कुणी करायची?

आणि स्पर्धेचे अंग विसरू नये. दोन गायन पार्ट्यांचा सामना रंगला की एकाने घेतलेल्या चालीतच दुसऱ्याने उत्तर द्यायचे, हा खेळ अनेकांनी पाहिला असेल. चाल समान असल्यानेच कुणाचे शब्द भारी हे कळते. सारख्या वजनाचे पहिलवान समोरासमोर उभे करावेत, तसे ते आहे. आपण वर्गात ज्याला ‘तौलनिक अभ्यास’ म्हणतो, तो इथे रात्री दोन वाजता, निरक्षर श्रोत्यांच्या न्यायासनासमोर होत असतो.

६

आक्षेप आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप मूळ संगीतकाराच्या हक्काचा. तो मला मान्य आहे. कॅसेटच्या धंद्यात कुणी उसन्या चालीवर पैसे मिळवले असतील तर चाल बांधणाऱ्याला त्याचा वाटा मिळायला हवा. जमैकाच्या ठेक्यांवरही हा प्रश्न आता उभा राहिला आहे. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीच्या १९८९च्या ‘फिश मार्केट’ या ठेक्यातून पुढे लॅटिन अमेरिकेतल्या रेगेटॉनचा पाया घडला, असा दावा २०२१मध्ये अमेरिकन न्यायालयात दाखल झाला. त्यात शंभराहून अधिक कलाकार आणि कंपन्या प्रतिवादी झाल्या आणि २०२४मध्ये न्यायालयाने तो प्राथमिक अवस्थेतच फेटाळून लावण्यास नकार दिला. हा दावा कोट्यवधींच्या उलाढालीबद्दल आहे. पण न्यायालयाचा प्रश्न आणि समीक्षेचा प्रश्न एक नव्हेत. चालीचे पैसे कुणाला, हा पहिला. शब्दांची गुणवत्ता काय, हा दुसरा. गंमत अशी की आपला १९५७चा कॉपीराइट कायदा हा भेद आपल्यापेक्षा नीट जाणतो. त्यातल्या संगीतकृतीच्या व्याख्येतून गायचे शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत. शब्द ही स्वतंत्र साहित्यकृती. जे कायद्याला कळते ते मराठी विभागाला का कळू नये?

दुसरा आक्षेप असा की सिनेमाची चाल आपल्याबरोबर सिनेमाचा उथळपणा घेऊन येते आणि गंभीर विषयाला ती शोभत नाही. ‘पाणवठा’ या शब्दाविषयी वर जे लिहिले तेच याचे उत्तर. चाल आपल्याबरोबर जुना अर्थ आणते हे खरेच. त्या जुन्या अर्थाशी नवे शब्द काय करतात, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे. काही गाण्यांत नवे शब्द हरतात, जुनी शृंगारिक झिंगच उरते. तसे झाले तर तसे म्हणावे. पण ते गाणे वाचून म्हणावे, ‘चाल’ ही ओळ पाहून नव्हे.

तिसरा आक्षेप : यातले बहुसंख्य गाणे सुमार आहे. असेल. नाव बदलून तीच यमके, तीच विशेषणे, ठोकळेबाज स्तुती यांचा सुकाळ मीही पाहिला आहे. अलीकडे डीजेच्या भिंतींपुढे वाजणाऱ्या काही गाण्यांत तर शब्द ऐकूच येत नाहीत. आणि ज्या प्रकारात कवीकडे शब्दांखेरीज काही नसते, तिथे शब्द बुडणे म्हणजे सर्वस्व बुडणे. याची चिंता भीमगीतावर प्रेम करणाऱ्यांनीच अधिक केली पाहिजे. परंतु मोरोपंतांच्या मागून आलेल्या शेकडो पंतकवींच्या आर्याही सुमारच होत्या. त्या आधारे आपण आर्या हे वृत्त अभ्यासक्रमातून काढले नाही. सुमार गाणी पुष्कळ असणे हे निवड करण्याचे कारण आहे; दार बंद करण्याचे नाही.

चौथी एक गोष्ट आक्षेप म्हणून नव्हे, कौतुक म्हणून केली जाते आणि ती मला अधिक घातक वाटते. वह्यांतली गाणी पुस्तकात येताना संपादक ‘चाल’ची ओळ गाळून टाकतात. हेतू चांगला असतो : कवितेला कविता म्हणून मान मिळावा. परंतु त्यामुळे ओळ अमुक ठिकाणीच का तुटते, अमुक शब्द दोनदा का येतो, ध्रुपदाचा शेवट दीर्घ का आहे, हे काहीच कळेनासे होते. घडणीचा हिशेब नाहीसा होतो आणि उरलेला मजकूर खरोखरच साधा वाटू लागतो. मग आपणच म्हणतो, पाहा, यात विशेष काही नाही. ग्रंथसाहिबाच्या पानावरून धुनीची सूचना कुणी पुसत नाही. मग या कवींच्या पानावरून ती पुसण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

७

तक्रार करून थांबणे बरे नव्हे. मराठवाड्यातल्या मराठीच्या अध्यापकांनी, निदान नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात शिकवणाऱ्या आपण सर्वांनी, तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. त्यांना अनुदान लागत नाही.

एक, पदव्युत्तर वर्गात एक तासिका अशी घ्यावी की एकाच चालीवरची तीन गीते, तीन वेगळ्या कवींची, शेजारी शेजारी ठेवली आहेत आणि विद्यार्थ्यांनी फरक सांगायचा आहे. मूळ गाणे त्यांना पाठ असतेच. शैलीविचार शिकवायला यापेक्षा स्वच्छ प्रयोग मला माहीत नाही, कारण इतर सगळे घटक आपोआप स्थिर झालेले असतात.

दोन, संग्रह छापताना ‘चाल’ची ओळ जशी आहे तशी ठेवावी. वही, वर्ष, गाव माहीत असेल तर तेही द्यावे. खाडाखोड असेल तर तिची नोंद करावी.

तीन, वह्या गोळा कराव्यात. हे अशक्य नाही, याचा दाखला आपल्यासमोर आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या २०१७पासून लोकांसमोर आणल्या आहेत. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. जात्याची लय सर्व बायांची एकच. तुझी लय मौलिक आहे का, असे तिथे एकाही बाईला कुणी विचारले नाही. तिची ओवी मागितली, तिचे नाव लिहून घेतले. गायन पार्टीच्या वह्यांसाठी एवढेच करायचे आहे. हे काम घाईचे आहे, कारण कॅसेटच्या आधीची पिढी आता थोडी उरली आहे आणि वह्या पावसाळ्यात भिजतात, स्थलांतरात हरवतात, रद्दीत जातात.

त्या मुलीच्या सात वह्या अद्याप शाबूत आहेत. ती आता एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. अभ्यासक्रमात नसतानाही वर्षातून एकदा ती वडिलांचे एक गाणे वर्गात फळ्यावर लिहिते. डोक्यावर लाल खडूने ‘चाल’ लिहायला ती विसरत नाही. तिच्या समितीपुढच्या उत्तरात एकच शब्द होता आणि तो पुरेसा होता. पुढच्या वेळी असे उत्तर समोर आले तर समितीत बसलेल्या आपल्यापैकी एकाने तरी वही पुढे ओढून म्हणावे : ठीक आहे, शब्द वाचू या.